कॅमेरावाली आयर्वेन

वेल्समधल्या पेंट्रेवर्न गावात आडनावाचा काही उपयोग नव्हता. अर्धं गाव प्रॉसर, उरलेलं पॉवेल. म्हणून माणसाला त्याचा धंदा चिकटवायचे आणि तो कबरीपर्यंत सुटायचा नाही. खाटीक हाउएल, शवपेट्यांवाला ग्विलिम, आणि उभं आयुष्य खोऱ्यातली बस चालवली म्हणून बसवाला इड्वल. त्याची बायको आयर्वेन, तिला स्वतःचं असं नाव मिळायला नवरा कामातून जावा लागला.

गावाला रस्ता एकच. वर चॅपलपासून, म्हणजे प्रार्थनाघरापासून, खाली बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या फाटकापर्यंत सरळसोट उतार, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली दगडी घरं, दार उघडलं की पाय फुटपाथवर. निवृत्त झाल्यावर इड्वल रोज सकाळी समोरच्या दुकानातून वर्तमानपत्र आणायला रस्ता ओलांडायचा. एका सकाळी तो ओलांडून झाला नाही. व्हॅन तिसाने आली. तेव्हा वस्तीतून ताशी तीस मैलांची मुभा होती, म्हणजे चालवणारा पोरगा कायद्यात बसत होता. तो फुटपाथच्या कडेला बसून ओकत होता आणि आयर्वेन चहाची किटली हातात तशीच धरून दारात उभी होती.

इड्वल वाचला. वाचला म्हणजे श्वास राहिला, बसायची ताकद राहिली, आणि डोक्यात फक्त बस राहिली.

डोंगरापलीकडच्या गावात त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो दिवसभर बस चालवी. दोन्ही हात समोर धरलेले, वळण आलं की अंग तिरपं. नर्स खाऊ घालायला आली की तोंड मिटून घेई, फारच आग्रह केला तर थुंके. आयर्वेनला युक्ती सापडली ती चिडून. एक दिवस रडकुंडीला येऊन तिने सुपाची वाटी घेतली, त्याच्या पाठीमागे खुर्ची ओढली आणि म्हणाली, "एक चॅपल द्या."

इड्वलने मान न वळवता विचारलं, "तिकीट?"

तिने मागूनच चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं.

तेव्हापासून सोमवारी, गुरुवारी आणि रविवारी ती डबा घेऊन जायची. कोकराच्या मटणाचं, लीकची कांद्यासारखी पात आणि बटाटे घातलेलं सूप, घट्ट शिजवून कुस्करलेलं. तो चॅपलपर्यंत अर्धी वाटी खायचा, खाणीपर्यंत उरलेली. नर्सनीही तिकीट-तिकीट करून पाहिलं, पण नर्सना तो बसमध्ये घेत नसे. बाकीच्या दिवशी जगण्यापुरतं गिळायचा. खरी बस, जी तो चालवायचा, ती त्याच्या निवृत्तीनंतर वर्षभरातच बंद झाली होती. डोंगर ओलांडायला आयर्वेनकडे तिची छोटी निळी गाडी होती, म्हणून इड्वल जेवत होता. इतका साधा हिशेब होता.

मग सगळ्या वेल्समध्ये वस्तीतून वेगाची मर्यादा तिसाची वीस झाली. पाट्या बदलल्या, पाय बदलले नाहीत. आयर्वेन पिवळं जॅकेट घालून, पोलिसांनी दिलेलं वेग मोजायचं पिस्तूल हातात धरून, मैत्रीण नेस्टा पॉवेलला सोबत घेऊन शाळेसमोर उभी राहू लागली. पावसात, गारठ्यात, नाक लाल करून. लोक काच खाली करून शिव्या द्यायचे. तिने दारोदार जाऊन सह्या मागितल्या, काउन्सिलच्या बैठकांना जाऊन तेच तेच बोलली, आणि शेवटी त्यांनी कंटाळून दोन पिवळे खांब आणून रोवले. एक चॅपलपाशी, एक खाणीच्या फाटकापाशी. पहिला खांब गाडी आत आल्याची वेळ टिपायचा, दुसरा बाहेर पडल्याची. मधल्या सगळ्या उतारावर तुम्ही कसे आलात ते आपोआप निघायचं.

जोरात गेल्याचं पत्र मिळालं नाही असं घर गावात उरलं नाही. तेव्हापासून ती कॅमेरावाली आयर्वेन.

चिप्सच्या दुकानात रांगेत उभी राहिली की सुरू व्हायचं.

"आयर्वेन, आमच्या नातवाची बाबागाडी मोज की जरा. उतारावर सुटते गं."

"ग्विलिमला विचारा. त्याचं गिऱ्हाईक आता वेळेवर पोचत नाही म्हणे, शववाहिका विसाने जाते."

"गिऱ्हाईक पोचतं," आयर्वेन म्हणाली. "कमी मात्र झालंय. व्हिनेगर जास्त घाल रे माझ्या चिप्सवर."

तोंडाची ती अशी पक्की होती. घरात मात्र नव्हती.

मुलगा गेथिन दोन दारं सोडून राहायचा. गॅसच्या सिलिंडरची व्हॅन चालवायचा. हमरस्त्यावर जोरात गेल्याचे दंडाचे पॉइंट त्याच्या लायसन्सवर आधीच गच्च भरलेले होते, आणखी तीन पडले की लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की काम. त्याची बायको शोनेड लोकांच्या घरी जाऊन केस कापायची. तिची गाडी त्या हिवाळ्यात कायमची बंद पडली. आणि त्यांची मुलगी लाउरी हिने नुकतीच परीक्षा पास होऊन लायसन्स मिळवलं होतं. आजीची निळी गाडी ज्या दिवशी डोंगरावर जात नसे त्या दिवशी ती या तिघांची असायची. किल्ली आयर्वेनच्या दारामागच्या खिळ्यावर. विचारायची पद्धत हळूहळू बंद पडली.

गेथिनला वाटायचं, कॅमेरा म्हणजे खांब. खांब दिसला की ब्रेक, खांब मागे पडला की पाय दाबायचा. खोऱ्यातले सगळे पुरुष तसेच शिकले होते. आईने त्याला रविवारी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली इकडे आणि मिरपुडीची तिकडे ठेवून, मधून बोट फिरवून दाखवलं होतं.

"मधे कितीही पळ, शेवटी तुझी सरासरीच काढतात रे ते."

"आई, मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय," म्हणून त्याने मिरपूड उचलून बटाट्यांवर घातली.

पहिलं पत्र आलं ते आयर्वेनच्या नावावर, कारण गाडी तिची. मंगळवारची वेळ होती. मंगळवारी तिने गाडी बाहेर काढलीच नव्हती.

"तू चालवत होतीस म्हणून सही कर," गेथिन उभ्याउभ्याच म्हणाला.

"पण मी नव्हते."

"ते त्यांना काय माहीत? तुझं लायसन्स कोरं करकरीत आहे. पहिल्या वेळी तर पॉइंटही देत नाहीत, नुसतं वर्गात नेऊन बसवतात."

"मग तूच बस."

"मला एकदा बसवून झालंय. पुन्हा नाही घेत. आई, काम जाईल माझं."

शोनेड खुर्चीवर बसून नखं तपासत होती. "सगळेच करतात, आयर्वेन. ब्रॉनच्या आईने तर जावयाचे पॉइंटसुद्धा घेतले. म्हाताऱ्या माणसांच्या लायसन्सचा उपयोग तरी काय दुसरा?"

आयर्वेनने सही केली. मुलाचं काम जाणार म्हटल्यावर कुठल्या आईने वेगळं काय केलं असतं, असं तिने स्वतःला त्या रात्री आणि पुढेही पुष्कळदा विचारलं.

वर्ग शहरात होता. बंद खोली, दहा-बारा माणसं, बिस्किटं. शिकवणारा तरुण उत्साही होता. त्याने पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. एक माणूस रस्ता ओलांडतो, गाडी तिसाने येते, माणूस उडतो. मग तीच गाडी विसाने येते, माणूस हात वर करून शिवी देतो आणि पलीकडे जातो. आयर्वेनला त्या शिवी देणाऱ्या माणसाचा इतका हेवा वाटला की तिने बिस्कीट खाली ठेवलं.

"इथे कुणाच्या ओळखीत असं काही घडलंय?" तरुणाने विचारलं. सगळे बिस्किटांकडे बघू लागले. आयर्वेनही.

"तुम्ही का जोरात गेलात, मिसेस प्रॉसर?"

"घाई होती," ती म्हणाली.

त्याने फळ्यावर लिहिलं: घाई.

त्यानंतर पत्रं येत राहिली. शोनेडचं आलं, एका बाईच्या डोक्याला रंग लावून ती दुसरीकडे केस कापायला पळाली होती. लाउरीचं आलं. लाउरीने मैत्रिणींकडून ऐकलं होतं की मधे थांबलं की सरासरी उतरते, म्हणून ती चिप्सच्या दुकानासमोर थांबली, पण चिप्स तळून होईपर्यंत तिला धीर निघाला नाही. "मामगी, माझं लायसन्स नवीन आहे गं, सहा पॉइंटला काढूनच घेतात," असं म्हणून ती आजीच्या गळ्यात पडली. मग गेथिनचं. मग पुन्हा शोनेडचं. शेवटच्या वेळी कुणी विचारलंही नाही. आयर्वेन डोंगरावरून परत आली तर कागद टेबलावर होता आणि त्यावर पेन.

चार पत्रांचे बारा पॉइंट झाले आणि आयर्वेनला कोर्टात बोलावलं.

गाडीत शोनेडने तिला नीट समजावलं. "खरं बोललीस तर गेथिनला आत टाकतील, मला टाकतील आणि खोट्या सह्या केल्या म्हणून तुलाही. लाउरीचं काय होईल ते बघ. तू फक्त नवऱ्याचं सांग. कळवळून सांग. म्हाताऱ्या बाईचं लायसन्स कोण काढतंय?"

समोर तिघं न्यायाधीश बसले होते. मधली बाई आयर्वेनच्याच वयाची, गळ्यात सुंदर रेशमी रुमाल. आयर्वेनने इड्वलचं सांगितलं. बस, तिकीट, चमचा, सगळं. तिने कुणापुढे ते कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं. मागे बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं.

बाईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मिसेस प्रॉसर, तुमच्या यजमानांना याच रस्त्यावर गाडीने धडक दिली?"

"हो, मॅडम."

"हे कॅमेरे बसवायला तुम्हीच सह्या गोळा केल्यात?"

"हो, मॅडम."

"आणि त्याच रस्त्यावरून, त्याच घरांसमोरून, वर्षभरात तुम्ही स्वतः पुन्हा पुन्हा जोरात गेलात. एक वर्ग करूनसुद्धा. दुसरं कुणी असतं तर मी निष्काळजीपणा म्हटलं असतं. तुम्हाला तर माहीत होतं, काय होतं ते. तुमच्या यजमानांना उडवणाऱ्या मुलाला निदान माहीत नव्हतं."

आयर्वेनने मागे पाहिलं. गेथिन आपल्या बुटांकडे बघत होता. शोनेडने तिच्याकडे बघून मान अगदी थोडी, नाही-नाही अशी हलवली.

"काही म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, मॅडम. घाई होती."

बाईने शेजारच्या दोघांच्या कानाशी बोलून घेतलं. यजमानांची काळजी घ्यायला शुश्रूषागृह आहे. भेटीचा प्रश्न राहतो, पण मुलगा इथेच बसलेला दिसतो. "तुमच्याकडे लायसन्स आहे ना, मिस्टर प्रॉसर? आईला न्याल?"

गेथिन ताडकन उभा राहिला. "नेईन की, मॅडम. अगदी दर वेळी."

सहा महिने बंदी.

बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. चिप्सच्या दुकानात पोरांनी तिला पाहून तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. कॅमेरावालीचं नाव एका दिवसात गळून पडलं आणि लोक तिला रॉकेट म्हणू लागले. खाटीक हाउएलने मटण बांधताना विचारलं, "बांधून देऊ ना गं? की तू घरी पोचून शिजवूनसुद्धा झालंय?" दुकान हसलं. आयर्वेनने पैसे मोजून ठेवले आणि पुडी उचलून बाहेर पडली. संध्याकाळी नेस्टा पॉवेल दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"ते पिवळं जॅकेट. दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल ना." आणि पायरी उतरून पुन्हा वळली. "धुऊन दे हं."

पहिल्या रविवारी गेथिन तिला घेऊन गेला आणि बाहेर गाडीतच रग्बीची मॅच ऐकत बसला. दुसऱ्या रविवारी लाउरीने नेलं. वाटी अर्धी व्हायच्या आतच ती दारात येऊन मोबाइलमध्ये वेळ बघू लागली. सोमवार आणि गुरुवारचं कुणी बोललंच नाही. तिसऱ्या रविवारी शोनेडला एका लग्नाच्या बायकांचे केस करायचे होते. गाडी आयर्वेनचीच, तिच्याच दारासमोरून सुटायची, ती खिडकीत उभी असायची आणि सूप शेगडीवर असायचं.

"गेथिन, आज रविवार आहे."

"आई, दमलोय गं. तो कुठे पळून जातोय? पुढच्या रविवारी."

खोऱ्यात टॅक्सीवाला एकच, शोनेडचा भाऊ. आयर्वेनने त्याला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "आलो असतो गं आयर्वेन. पण मलापण तुझ्या कॅमेऱ्याने तीन पॉइंट दिलेत. आता फार जपून चालवतो. डोंगर चढायला मला चार दिवस लागतील."

एकदा ती डबा पिशवीत घालून चालत निघाली. डोंगराचं पहिलं वळण चढून धाप लागली, पाऊस आला, आणि मागून येणाऱ्या गाडीने भोंगा वाजवत तिच्या अंगावर पाणी उडवलं. आतून कुणीतरी ओरडलं, "जपून, रॉकेट!" ती परत फिरली. सूप तिने एकटीने, उभ्यानेच, सिंकपाशी खाल्लं.

शुश्रूषागृहात ती पुन्हा पोचली तेव्हा इड्वलच्या खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळून गेली होती. नाकात नळी होती. गालांची हाडं वर आली होती. हात मात्र तसेच समोर धरलेले.

नर्स म्हणाली, "आधी विचारायचे हो. चॅपलची बाई आज नाही का, म्हणायचे. थांबायचेसुद्धा जरा, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. मग विचारायचे थांबले. मग खायचेच थांबले."

आयर्वेनने पाठीमागे खुर्ची ओढली. डब्याचं झाकण काढलं. आवाज नीट लागावा म्हणून घसा खाकरला.

"एक चॅपल द्या."

इड्वलने वर पाहिलं, तिथे आरसा असल्यासारखं. मागे बसलेल्या बाईला त्याने नीट न्याहाळलं.

"बस भरली आहे," तो म्हणाला. "पुढच्या बसने या."

"इड्वल, मी आहे. हे बघ तिकीट."

"उभ्याने नेत नाही, बाई. नियम आहे." आणि त्याने हात पुढे करून दार बंद केलं.

बाहेर गेथिन भिंतीला टेकून उभा होता. "झालं? आज लवकर उरकलं की," तो खुशीत म्हणाला.

सहा महिन्यांनी लायसन्स परत आलं. आयर्वेन पुन्हा सोमवारी, गुरुवारी आणि रविवारी जाऊ लागली. बस रोज भरलेली असायची. ती मागे बसून राहायची आणि डबा भरलेला परत आणायची. किल्ली तिने खिळ्यावरून काढून उशीखाली ठेवायला हवी होती, पण ते तिला सुचलंच नाही. आणि मंगळवारी गाडी नेहमीप्रमाणे गेली.

पत्र आलं तेव्हा तिघंही आले. शोनेडने केकसुद्धा आणला होता.

"सव्विसाने," गेथिन म्हणाला. "मधे एक ट्रॅक्टर मागे टाकावा लागला. पण तुला सांगू, आई, बंदी भोगली की आधीचं सगळं पुसतात. तुझं लायसन्स पुन्हा कोरं झालंय."

"नशीबच म्हणायचं," शोनेड केक कापत म्हणाली.

"मामगी, तू आता माझ्याहून नवी ड्रायव्हर!" लाउरी हसली.

आयर्वेनने चष्मा लावला. कागद सरळ केला. पेन मागितलं. गेथिनने खिशातलं काढून दिलं. तिने सावकाश, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरात, गाडी कोण चालवत होतं ते लिहिलं. गेथिन तिच्या खांद्यावरून वाकला.

"आई. हे माझं नाव आहे."

"तुझंच. मीच ठेवलंय."

"माझं काम जाईल!"

"जाईल."

"अगं, मग मी काय करू? डेपोला रोज कसा जाऊ?"

"लाउरी नेईल की. तिला लायसन्स आहे. आणि नाही जमलं एखाद्या दिवशी, तर डेपो कुठे पळून जातोय?"

लाउरीचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. शोनेडने सुरी खाली ठेवली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आयर्वेन, हे एक निघालं तर मागचेही निघतील. तुलाही आत टाकतील. या वयात. कळतंय ना?"

"टाकू देत," आयर्वेनने पाकिटाची कड जिभेवर फिरवून चिकटवली. "भेटायला मात्र येऊ नका. रविवारी तुम्हाला जमत नाही."

ती स्वतः उठली, कोट घातला आणि पत्र टाकायला निघाली. मागून गेथिन काहीतरी ओरडत होता. ती परत आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. केक शोनेड परत घेऊन गेली होती.

मागचं काही निघालं नाही. गेथिनचं लायसन्स गेलं, व्हॅन गेली. डेपोत सिलिंडर उचलायचं काम उरलं. गावाने तिला नवं नाव ठेवलं, पण ते तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. दोन दारं पलीकडून हाक येणं बंद झालं. शोनेडने कुठून तरी एक जुनी लाल गाडी मिळवली.

एका गुरुवारी सकाळी आयर्वेन डोंगराकडे निघाली होती. शेजारच्या सीटवर डबा, त्याला पट्टा लावलेला. वळायला जागा चॅपलच्या वरच, म्हणून ती आधी वर गेली आणि वळून खाली निघाली; चॅपलचा खांब मागे गेला. आरशात लाल गाडी आली, अगदी पाठीला चिकटून. लाउरी चालवत होती, शेजारी गेथिन डेपोच्या कपड्यांत. त्यांना उशीर झालेला दिसत होता. लाउरीने भोंगा वाजवला. मग पुन्हा, लांब. गेथिनने काच खाली करून हात बाहेर काढला आणि जोरजोरात पुढे-पुढे हलवला. चिप्सच्या दुकानातले लोक दारात येऊन बघू लागले.

काटा विसावर होता. समोरचा रस्ता रिकामा होता आणि खाणीचा खांब अजून लांब होता. आयर्वेनने आरशात आपल्या मुलाला नीट न्याहाळलं आणि पाय आणखी थोडा उचलला.